उशाशी उभ्या डॉक्टरला हृदय दिसले पाहिजे

बीपी उतरले की सलाइन लावायचे, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. वस्तीत कुणाला चक्कर आली की "एक बाटली चढवा, बरे वाटेल" असे आपणच डॉक्टरला सांगतो. बहुतेक वेळा खरोखर बरे वाटतेही. पण अतिदक्षता विभागात, म्हणजे आयसीयूत पोहोचलेल्या माणसाला हीच बाटली कधी वाचवते, तर कधी त्याची फुप्फुसे पाण्याने भरून त्याचा जीव घेते. बाहेरून पाहिले तर दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. फरक असतो तो आत, हृदयात. उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आला पाहिजे. म्हणून आयसीयूत काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, शिकवली पाहिजे आणि ती सर्वांत आधी सरकारी रुग्णालयांत शिकवली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे या पानावर मांडत आहोत.

चार रुग्ण, एकच बीपी

वाचकहो, मोहोळ तालुक्यातले चार रुग्ण कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. पहिली एक शेतमजूर बाई. वैशाखाच्या उन्हात खुरपणी केली आणि त्यातच दोन दिवस जुलाब-उलट्या. दुसरा पंचावन्न वर्षांचा रिक्षावाला. त्याला मधुमेह आहे. छातीत दुखले नाही, पण दरदरून घाम आला आणि दम लागला. तिसरी दहा दिवसांची बाळंतीण. तिचा एक पाय सुजलेला होता आणि अचानक श्वास कोंडला. चौथा एक तरुण. महिनाभर ताप, खोकला, वजन उतरलेले, टीबीचा संशय.

चौघांचेही वरचे बीपी ऐंशीच्या आसपास. नाडी एकशेतीस. हातपाय गार. आयसीयूतल्या मॉनिटरवर चौघांचे आकडे जवळजवळ सारखे. आता छातीवर इकोचा प्रोब ठेवला तर काय दिसेल?

बाईचे हृदय जोरात आकुंचन पावते आहे, पण आत रक्तच कमी आहे. शरीरातले पाणी आटले आहे. तिला सलाइन हवे, आणि लवकर हवे. रिक्षावाल्याच्या हृदयाचा डावा कप्पा फुगला आहे आणि जेमतेम हलतो आहे. त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. मधुमेहात असा झटका न दुखताही येतो. त्याला बाटल्यांवर बाटल्या चढवल्या तर पाणी फुप्फुसांत उतरेल. बाळंतिणीच्या हृदयाची उजवी बाजू ताणून मोठी झाली आहे. पायातली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली असावी, असे ते सांगते. तरुणाच्या हृदयाभोवती पाणी साचले आहे आणि त्या दाबाने हृदयाला फुलायलाच जागा उरलेली नाही. ते पाणी सुईने काढले तर काही मिनिटांत बीपी वर येऊ शकते.

चार रुग्ण, चार वेगळे उपचार. इको नसेल तर अनुभवी डॉक्टर नाडी, छातीचा आवाज, गळ्याच्या शिरा, ईसीजी, एक्स-रे यांवरून अंदाज बांधतो. तो पुष्कळदा बरोबरही येतो. पण रात्री दोन वाजता ड्युटीवर असतो तो बहुधा शिकाऊ, तरुण निवासी डॉक्टर. एकटा, आणि समोर अनेक खाटा. त्याचा अंदाज चुकला तर किंमत खाटेवरचा माणूस मोजतो.

जहाजाच्या पत्र्यापासून हृदयापर्यंत

इकोत क्ष-किरण नसतात. माणसाला ऐकू न येणारा आवाज छातीवरून आत सोडायचा आणि हृदयाच्या भिंतींवर आपटून परत येणाऱ्या प्रतिध्वनीचे चित्र पडद्यावर पाहायचे, इतकी ही साधी कल्पना आहे. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड शहरात इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी हृदयाचा असा पहिला आलेख काढला. त्याआधी त्यांनी जहाजबांधणी कारखान्यातले, धातूतल्या भेगा शोधायचे यंत्र वापरून पाहिले होते. पुढची अनेक वर्षे हे तंत्र हृदयरोगतज्ज्ञांपुरते राहिले. १९८९ मध्ये डेन्मार्कमध्ये एरिक स्लोथ यांनी गंभीर रुग्णाच्या खाटेजवळ करायची छोटी, ठरावीक इको तपासणी बसवली. यंत्रे लहान होत गेली तशी ही पद्धत जगभरच्या आयसीयूंत पसरली.

खाटेजवळची ही छोटी तपासणी आणि हृदयरोगतज्ज्ञाची पूर्ण इको तपासणी यांत फरक आहे. विहिरीत पाणी आहे की नाही, हे काठावरून वाकून पाहिले तरी कळते. शेताची मोजणी करायला मात्र मोजणीदारच लागतो. आयसीयूतल्या डॉक्टरने मोजणीदार व्हावे, अशी आमची मागणी नाही. त्याला चार-पाच प्रश्नांची उत्तरे पाहता आली पाहिजेत. डावा कप्पा नीट काम करतो का? उजवी बाजू फुगली आहे का? हृदयाभोवती पाणी आहे का? पोटातून हृदयाकडे येणारी मोठी शीर भरलेली आहे की रिकामी? एखादी झडप उघडच बिघडलेली दिसते का? एवढे दिसले तरी उपचाराची दिशा ठरते. झडप नेमकी किती खराब आहे, मुख्य धमनी आतून फाटली आहे का, असे प्रश्न तज्ज्ञाकडेच गेले पाहिजेत.

तज्ज्ञ आहेत, मग हे कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. हृदयरोगतज्ज्ञ दिवसा असतो, शहरात असतो, आणि एका वेळी एकाच ठिकाणी असतो. शिवाय तज्ज्ञाने सकाळी केलेली इको म्हणजे सकाळचा फोटो. आयसीयूतल्या रुग्णाचे हृदय तासातासाला बदलते. दोन बाटल्या सलाइन गेल्यावर हृदय आता काय म्हणते? औषधाचा वेग वाढवल्यावर डावा कप्पा सुधारला का? हे प्रश्न दुपारी, संध्याकाळी, मध्यरात्री पुन्हा पुन्हा पडतात. त्यांचे उत्तर तिथे हजर असलेला डॉक्टरच देऊ शकतो.

मोहोळमधून पाहिले तर ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. आपल्या ग्रामीण रुग्णालयात प्राथमिक उपचार होतात आणि गंभीर रुग्ण पस्तीस-एक किलोमीटरवरच्या सोलापूरला किंवा पंढरपूरला जातो. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका आल्या, त्यांत डॉक्टर आला, महामार्ग रुंद झाला. रस्त्यावरचा वेळ वाचला. उपचाराच्या पैशाचा प्रश्नही काही प्रमाणात सुटला. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. अँजिओप्लास्टी, झडपेची शस्त्रक्रिया अशा खर्चिक उपचारांचा भार त्या योजनेने उचलला. पण योजनेचे पैसे मिळण्यासाठी आधी निदान व्हावे लागते. रस्ता आहे, गाडी आहे, योजना आहे. रुग्णालयाच्या दारातून आत गेल्यावर मध्यरात्री निदान करणारा डोळा मात्र सगळीकडे नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत तो पुण्याला जातो. आपल्यातल्या बहुतेकांसाठी सोलापूरचे सिव्हिल हेच शेवटचे दार असते. म्हणून ही गोष्ट सिव्हिलमध्ये आधी व्हायला हवी, असे आम्ही म्हणतो.

महाराष्ट्रात याचा एक मोठा धडा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, तिथे दगावत होती. डॉक्टर रात्र रात्र रुग्णाजवळ बसले, नाडी, बीपी आणि श्वास टिपत राहिले. विंचवाच्या विषाने हृदयावर आघात होतो आणि फुप्फुसांत पाणी भरते, हे त्यांनी नेमके ओळखले. प्राझोसिन हे बीपीचे स्वस्त औषध त्यावर कसे उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवले. त्यांचे लेख 'लॅन्सेट' या जागतिक वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका खेड्यातला डॉक्टर रुग्णाच्या उशाशी बसून बारकाईने पाहत राहिला, त्यातून हे ज्ञान आले. त्यांच्या हाताशी तेव्हा इको नव्हती. आजच्या तरुण डॉक्टरला ती मिळू शकते. उशाशी बसून पाहण्याच्या त्याच शिस्तीला ती जोड देईल.

शिकायला किती लागते?

हे शिकायला पाच वर्षे लागत नाहीत. २०११ साली जगभरच्या अतिदक्षता तज्ज्ञांनी मिळून प्रशिक्षणाचे मानक मांडले. हृदयाची ही प्राथमिक तपासणी प्रत्येक आयसीयू डॉक्टरच्या शिक्षणाचा आवश्यक भाग असावी, असे त्यात म्हटले आहे. त्यासाठी किमान दहा तासांचा वर्ग आणि देखरेखीखाली केलेल्या सुमारे तीस तपासण्या, असे माप त्यांनी सुचवले. ब्रिटनमध्ये याच कामासाठी जो अभ्यासक्रम सुरू झाला, त्यात देखरेखीखालच्या पन्नास तपासण्यांची नोंदवही ठेवावी लागते. म्हणजे नोकरी सांभाळून काही महिन्यांत हे होते.

पण दोन दिवसांची कार्यशाळा, प्रमाणपत्र आणि जेवणावळ म्हणजे प्रशिक्षण नव्हे. पोहणे फळ्यावर शिकवता येत नाही. प्रोब कुठे ठेवायचा, मनगट किती वळवायचे, जाड माणसात किंवा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात चित्र येत नसेल तर काय करायचे, हे हात धरून शिकवावे लागते. आधी निरोगी माणसांवर हात बसवायचा, मग वरिष्ठ शेजारी उभा असताना रुग्णाची तपासणी, प्रत्येक तपासणीचे चित्र यंत्रात जपून ठेवायचे, आठवड्यातून एकदा हृदयरोगतज्ज्ञाने ती चित्रे तपासून चुका दाखवायच्या, आणि शेवटी परीक्षा. या क्रमातली एकही पायरी गाळता येणार नाही.

सोलापुरात हे शक्य आहे. १९६३ साली सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्या जिल्ह्यात आहे. मेडिसीन आणि भूलशास्त्र या विषयांचे निवासी डॉक्टरच आयसीयूत रात्र काढतात. त्यांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात या तपासण्यांची नोंदवही सक्तीची केली आणि ती पूर्ण झाल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही असे ठरवले, तर तीन वर्षांत एक पूर्ण पिढी तयार होईल. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ साऱ्या राज्यासाठी हे करू शकते.

अर्धवट ज्ञानाचा धोका

विरोधातले मुद्देही पाहू. पहिला मुद्दा असा की अर्धवट शिकलेला डॉक्टर न शिकलेल्यापेक्षा घातक. हे खरे आहे. पडद्यावर चित्र दिसले की माणसाला खात्री वाटू लागते. "इकोत काही नाही" असे म्हणून कुणी रुग्णाला घरी पाठवले आणि झटका निसटला, असे होऊ शकते. म्हणून नियम स्पष्ट हवा. या छोट्या तपासणीतून "हे दिसले" असे म्हणता येईल. "बाकी काहीच नाही" असे म्हणता येणार नाही. शंका आली की तज्ज्ञाकडून पूर्ण इको. छातीत दुखत असेल तर आधी ईसीजी, आणि झटक्याचे औषध इकोची वाट पाहत थांबवायचे नाही.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. अशा तपासणीने आयसीयूतले मृत्यू नेमके किती घटतात, यावर संशोधकांचे एकमत झालेले नाही. ते आम्ही लपवणार नाही. पण इको केल्यावर डॉक्टरचे निदान आणि उपचार अनेकदा बदलतात, हे वारंवार दिसून आले आहे. यंत्र स्वतः कुणाला बरे करत नाही. बरे करतो तो योग्य उपचार, आणि योग्य उपचाराला नेमके निदान लागते.

तिसरा मुद्दा खर्चाचा. कोविडच्या काळात रुग्णालयांत यंत्रे आली, आणि ती चालवणारी प्रशिक्षित माणसे कमी पडली, हे आपण सर्वांनी पाहिले. यंत्राच्या उद्घाटनाला फीत कापता येते, फोटो निघतो. प्रशिक्षणाला फीत नसते, म्हणून ते मागे पडते. केंद्र सरकारने २०२१ साली जाहीर केलेल्या आरोग्य पायाभूत सुविधा अभियानात पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या जिल्ह्यांत अतिदक्षता कक्ष उभारण्याची तरतूद आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या त्रेचाळीस लाखांवर होती. खाटा वाढणार असतील तर त्या खाटांजवळ उभ्या राहणाऱ्या डॉक्टरच्या प्रशिक्षणाचा खर्च त्याच हिशेबात धरला पाहिजे.

सोनोग्राफीचा कायदा आणि आपण

आणखी एक अडचण आपल्या राज्यात विशेष आहे. हृदय पाहणाऱ्या यंत्रालाच वेगळा प्रोब जोडला की गर्भ दिसू शकतो. त्यामुळे ही यंत्रे गर्भलिंग निदानाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कक्षेत येतात. हा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तो स्त्री संघटनांच्या लढ्यातून आला आहे. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. तेव्हा आयसीयूच्या नावाखाली कायदा सैल करा, असे कुणी म्हणत असेल तर आम्ही त्याच्या विरोधात उभे राहू.

पण कायद्याची भीती दाखवून यंत्र कपाटात कुलूपबंद ठेवणे हाही मार्ग नव्हे. सुटसुटीत, हलवता येणारे यंत्र नोंदणी केलेल्या रुग्णालयाच्या आवारात, दाखल रुग्णांसाठी वापरता येते, अशी तरतूद २०१२ पासून नियमांतच आहे. यंत्राची नोंदणी करा. ते आयसीयूच्या बाहेर जाणार नाही असे बंधन घाला. ते कोण वापरतो याची यादी लावा. आयसीयूच्या यंत्राला हृदयाचाच प्रोब ठेवा. कायदा पाळूनही रुग्ण वाचवता येतो. त्यासाठी अधिकाऱ्यांनी थोडे कष्ट घ्यावे लागतील, एवढेच.

गरिबाचे शरीर ही सरावाची वही नव्हे

या विषयातला सर्वांत नाजूक मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. नवा डॉक्टर कुणावर तरी शिकणारच. आपल्या देशात तो शिकतो ते बहुतेक सरकारी रुग्णालयातल्या गरीब रुग्णांवर. शिकून झाल्यावर त्यांतले अनेक जण मोठ्या शहरांतल्या खासगी रुग्णालयांत जातात आणि जिथे शिकले तिथली खाट पुन्हा नवशिक्याच्या हाती येते. म्हणजे सराव आपल्या शरीरावर आणि कौशल्य दुसऱ्यांच्या सेवेला. हा व्यवहार आपण निमूट मान्य करता कामा नये.

म्हणून प्रशिक्षणाला अटी हव्यात. रुग्णाला किंवा नातेवाइकाला सांगून, विचारून तपासणी व्हावी. छाती उघडी करावी लागते, तेव्हा पडदा ओढलेला असावा आणि स्त्री रुग्णाजवळ परिचारिका हजर असावी. अत्यवस्थ रुग्णावर शिकाऊ डॉक्टरने दहा मिनिटे प्रोब फिरवत बसू नये. चित्र मिळाले नाही तर वरिष्ठाने हाती घ्यावे. आणि शासकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरला बंधपत्रानुसार शासकीय सेवा द्यावी लागते, ती सेवा इको शिकलेल्या डॉक्टरने पंढरपूरसारख्या उपजिल्हा रुग्णालयात आणि जिथे आयसीयू आहे अशाच ठिकाणी द्यावी. मग मोहोळच्या माणसाच्या वाट्यालाही ते कौशल्य येईल.

आपण काय करायचे?

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या शेतमजूर संघटनेच्या खटल्यात एक महत्त्वाचा निकाल दिला. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवले होते. तातडीचे उपचार वेळेवर न देणे हे संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचे उल्लंघन आहे आणि पैसा नाही ही सबब शासनाला चालणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. वेळेवर उपचार व्हायचे तर निदानही वेळेवर व्हायला हवे, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

तेव्हा आपल्या मंडळांनी, महिला संघांनी, ग्रामसभांनी निवेदनात चार गोष्टी लिहाव्यात. जिल्ह्यातल्या प्रत्येक शासकीय आयसीयूत चालू स्थितीतले, नोंदणीकृत इको यंत्र असावे. प्रत्येक पाळीत ही तपासणी शिकलेला किमान एक डॉक्टर असावा. मेडिसीन आणि भूलशास्त्राच्या निवासी डॉक्टरांना देखरेखीखालच्या तपासण्यांची नोंदवही सक्तीची असावी. आणि हृदयरोगतज्ज्ञाने दर आठवड्याला ती चित्रे तपासावीत. जयंतीच्या निमित्ताने आपण बीपी-शुगरची शिबिरे घेतो, ती घ्यावीतच. त्याबरोबर हे निवेदन घेऊन अधिष्ठात्यांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना एकदा भेटावे.

आणि घरचे माणूस आयसीयूत असेल तर आवाज न चढवता, हात जोडून का होईना, पण एक प्रश्न जरूर विचारा: "डॉक्टरसाहेब, हृदय पाहिले का?" उत्तर "हो" असेल तर विश्वास वाढेल. "नाही" असेल तर कधी पाहणार आणि कोण पाहणार, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.